‘त्यांना शिक्षणाचं महत्त्वच नाही’

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं की, तू सॉफ्टवेअरमधला माणूस आहेस, तर मुलांना करिअरबद्दल चार गोष्टी सांग. मी म्हटलं, त्यावर यूट्यूबवर ढीगभर आहे. मला एका वाक्याबद्दल बोलायचंय. ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे: ‘त्यांना शिक्षणाचं महत्त्वच नाही.’

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आठवीत होतो. वर्गाच्या वह्या ठेवायला शिक्षकांच्या खोलीत गेलो होतो. दोन सर चहा पीत आमच्या मोहल्ल्याबद्दल बोलत होते. मी दारात उभा आहे हे त्यांना दिसलं नाही. त्या वर्षी माझे अब्बा दिवसभर टेम्पो चालवून रात्री एका गोदामात हिशेब लिहायला जायचे. माझ्या गणिताच्या क्लासची फी त्यातून निघायची. मी वह्या ठेवल्या आणि परत आलो. घरी काही सांगितलं नाही.

दुसऱ्यांदा हेच वाक्य ऐकलं ते न्यू जर्सीत, कंपनीने मला तिकडे पाठवलं होतं तेव्हा. एका मराठी कुटुंबाकडे दिवाळीचा फराळ होता. माणसं अतिशय प्रेमळ. मला आग्रहाने बोलावलेलं, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन चकली भरवणारी. विषय शाळांचा निघाला. शेजारच्या शहरातल्या शाळा वाईट का, तर तिथे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोक राहतात, आणि ‘त्यांना शिक्षणाचं महत्त्वच नाही, आपल्यासारखं नाही ते’. सगळ्यांनी माना हलवल्या.

मीही हलवली. आज मी इथे उभा आहे तो त्या मान हलवण्यामुळे. ‘आपल्यासारखं’ या शब्दात मला पहिल्यांदाच कुणीतरी आत घेतलं होतं ना! बरं वाटलं. रात्री झोप मात्र लागली नाही.

त्याच महिन्यात आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. तिकडच्या घर शोधण्याच्या वेबसाइटवर प्रत्येक घराच्या फोटोखाली जवळच्या शाळेला दहापैकी गुण दिलेले असतात. घर दोन खोल्यांचं, शाळा नऊ. तेवढंच घर, चार मैलांवर, शाळा तीन. भाड्यात मोठा फरक. मी इंजिनिअर, मला आकडे आवडतात. पण हे आकडे बघताना प्रश्न पडला की, घर आणि शाळा यांचा एवढा संबंध का? मूल हुशार की मठ्ठ, पालक जागरूक की बेफिकीर, हे काही पत्त्यावरून ठरत नाही. मग शाळा पत्त्यावरून कशी ठरते? तिथून वाचायला लागलो. जे सापडलं ते तुम्हाला सांगतो. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, तेव्हा इतिहासकारासारखं सगळं क्रमवार सांगणार नाही. ते एक वाक्य खरं आहे का, एवढंच तपासत जाणार आहे.

सुरुवात उमर इब्न सईद यांच्यापासून करतो. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या सेनेगलच्या भागात जन्मलेला हा माणूस. वीसपंचवीस वर्षं तालीम घेतलेला, अरबी लिहिता-वाचता येणारा आलिम. १८०७ मध्ये त्यांना पकडून जहाजात घालून अमेरिकेत आणलं आणि विकलं. ते पळाले, पकडले गेले, तुरुंगात पडले. असं सांगतात की, तिथल्या भिंतीवर त्यांनी कोळशाने अरबीत लिहायला सुरुवात केली आणि बघायला गर्दी जमली. पुढचं सगळं आयुष्य नॉर्थ कॅरोलायना राज्यात गुलामीतच गेलं.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. १८३० साली याच राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला की गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा आहे. शिकवणारा गोरा असेल तर शंभर ते दोनशे डॉलर दंड किंवा कैद. शिकवणारा गुलामच असेल तर ३९ फटके. अंकगणिताला तेवढी सूट होती, कारण मालाची मोजदाद करायला हिशेब येणारा गुलाम मालकाला हवाच होता. आणि १८३१ मध्ये, कायद्याची शाई वाळते न वाळते तोच, त्याच राज्यात उमर यांनी अरबीत आपलं आत्मचरित्र लिहिलं. सुरुवातीला सूरह अल-मुल्क आहे. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, कुणालाही ऑनलाइन पाहता येतं. मी पाहिलं तेव्हा माझ्या दाद्याची आठवण झाली. त्यांचंही अक्षर असंच उजवीकडे झुकायचं.

माझा साधा प्रश्न आहे. ज्या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही, त्यांनी शिकू नये म्हणून कायदा कशाला करावा लागतो? ज्याला भूक नाही त्याच्या ताटाला कोणी कुलूप लावत नाही.

उत्तरेत गुलामी संपली होती, तिथे काय होतं? बोस्टन हे शहर अमेरिकेतल्या सरकारी शाळांचं माहेरघर. होरेस मान १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव झाले. सगळ्यांच्या मुलांनी एकाच सार्वजनिक शाळेत बसावं, ही कल्पना देशभर नेण्यात त्यांचा मोठा वाटा. त्याच बोस्टनमध्ये सारा रॉबर्ट्स नावाच्या पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला घरापासून शाळेत जाताना वाटेत गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडून जावं लागे. तिच्या वडिलांनी शहरावर खटला भरला. वकील होते रॉबर्ट मॉरिस हे कृष्णवर्णीय तरुण आणि चार्ल्स समनर. १८४९ मध्ये युक्तिवाद झाला, १८५० मध्ये निकाल विरोधात गेला. न्यायालय म्हणालं, वेगळ्या शाळा ठेवण्याचा अधिकार शहराच्या समितीला आहे. पण लोक गप्प बसले नाहीत. १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा करून वेगळ्या शाळा बंद केल्या. दुःखाची गोष्ट अशी की, हरलेला हा निकालच जास्त टिकला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळं पण समान’ हे तत्त्व देशाला लागू केलं, तेव्हा रॉबर्ट्सच्या निकालाचा आधार घेतला होता.

सारासाठी बोस्टनमध्ये खटला उभा राहत होता त्याच सुमारास, १८४८ मध्ये, आपल्या पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई मुलींची शाळा काढत होते. फातिमाबी शेख आणि उस्मान शेख यांची आठवण तुम्हाला मी काय करून द्यायची? तुमच्या भिंतीवर त्यांची तसबीर आहेच. अमेरिकेतल्या या लढ्याकडे जोतिरावांचं लक्ष होतं. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना आहे.

१८७३ हे वर्षही लक्षात ठेवण्याजोगं. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं होतं, गुलामी गेली होती. सुटका झालेल्या माणसांनी पहिलं काय मागितलं? जमीन आणि शाळा. म्हातारे आजोबा नातवंडांशेजारी बसून मुळाक्षरं गिरवत होते. दक्षिणेतल्या विधिमंडळांत कृष्णवर्णीय प्रतिनिधी पहिल्यांदा निवडून आले आणि त्यांच्या सहभागाने जी नवी राज्यघटना-पत्रं तयार झाली, त्यांत सरकारी खर्चाने सर्वांसाठी शाळा आली. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या अभ्यासकांनी १९३५ मध्येच हे ठासून मांडलं: दक्षिणेत सर्वांसाठी सरकारी शाळा ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची कल्पना होती. म्हणजे दक्षिणेतल्या गरीब गोऱ्याच्या पोराला मोफत शाळा मिळाली ती यांच्यामुळे. फराळाच्या ताटाभोवती हे कोणी सांगितलं असतं तर मीच प्रथम विश्वास ठेवला नसता.

१८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतून सैन्य काढून घेतलं आणि जुनी सत्ता परत आली. शाळा राहिल्या, पण दोन प्रकारच्या. कर सगळ्यांकडून, पैसा एका बाजूला.

तेव्हा लोकांनी काय केलं, ते ऐका. ज्यूलियस रोझेनवाल्ड हे सीअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीचे प्रमुख. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सांगण्यावरून त्यांनी १९१२ पासून दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना देणगी द्यायला सुरुवात केली. अट अशी की, गावाने आपला वाटा उचलायचा. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत सुमारे पाच हजार इमारती उभ्या राहिल्या. या शाळा रोझेनवाल्डच्या नावाने ओळखल्या जातात. पण हिशेब मांडला तर गावागावातल्या कृष्णवर्णीय लोकांनी जमवलेली रक्कम रोझेनवाल्ड यांच्या देणगीपेक्षा थोडी जास्तच भरते. कोणी पैसे दिले, कोणी जमीन दिली, कोणी लाकूड, कोणी मजुरी. हे लोक वाट्याने शेती करणारे, कर्जात बुडालेले. सरकारला कर एकदा भरला होता, त्यातून शाळा मिळाली नाही, म्हणून दुसऱ्यांदा वर्गणी काढली. आपल्याकडे मशिदीच्या आवारात वर्गणी काढून बालवाडी सुरू करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे चेहरे मला इथे दिसले.

आता जिच्यासाठी मी हे भाषण द्यायला तयार झालो, तिच्याकडे येतो. बार्बरा जॉन्स. वय १६. तुमच्यातले बरेच जण त्याच वयाचे आहात.

व्हर्जिनिया राज्य, प्रिन्स एडवर्ड काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. फार्मव्हिल गावात कृष्णवर्णीय मुलांचं मोटन हायस्कूल. इमारत १८० मुलांसाठी बांधलेली, मुलं साडेचारशेहून जास्त. जागा पुरेना म्हणून बाहेर लाकडाच्या सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोपट्या उभारल्या होत्या. पावसात गळायच्या, थंडीत शेगडीजवळ बसलेला भाजायचा आणि दाराजवळ बसलेला गारठायचा. पालक नव्या इमारतीसाठी अर्ज करून थकले होते.

२३ एप्रिल १९५१. मुलांनी मुख्याध्यापकांना फोन करून गावात बोलावणं आल्याचा बहाणा केला आणि शाळेबाहेर काढलं. मग त्यांच्या नावाने चिठ्ठ्या वर्गावर्गांत गेल्या: सर्वांनी सभागृहात जमा. पडदा उघडला तर मंचावर बार्बरा. तिने शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली आणि मुलांना सांगितलं, आपण संपावर जातोय. दोन आठवडे शाळा बंद राहिली. मला या पोरीचं नियोजन फार आवडतं. मी मोठमोठ्या प्रोजेक्टमध्ये एवढं नीट नियोजन पाहिलेलं नाही.

मुलांनी वकिलांना बोलावलं. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवूड रॉबिन्सन हे वकील म्हणाले, नवी इमारत मागणार असाल तर आम्ही खटला घेणार नाही. वेगळ्या शाळांची पद्धतच रद्द करा, असं मागणार असाल तर घेतो. विचार करा, पोरांनी छप्पर मागितलं होतं. आता त्यांच्या पालकांना गोऱ्या मालकांच्या डोळ्यात डोळे घालून अख्ख्या व्यवस्थेविरुद्ध सही करायची होती. ११७ मुलांच्या नावाने खटला उभा राहिला. बार्बराच्या जिवाला धोका म्हणून घरच्यांनी तिला अलाबामात काकांकडे पाठवलं.

हा खटला खालच्या न्यायालयात हरला. पण तसेच आणखी चार ठिकाणचे खटले होते, आणि सर्वोच्च न्यायालयात ते एकत्र आले. १७ मे १९५४. ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’. नऊ विरुद्ध शून्य. वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य. या पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून निघालेला एकच, मोटनचा.

आमच्या शाळेच्या पुस्तकात अमेरिकेची गोष्ट इथेच संपत होती. निकाल लागला, न्याय मिळाला, धडा संपला, स्वाध्याय सोडवा.

प्रत्यक्षात प्रिन्स एडवर्ड काउंटीने काय केलं? न्यायालयाने एकत्र शाळा भरवायला भाग पाडल्यावर, १९५९ मध्ये काउंटीने सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. शाळांसाठी कर बसवायचाच नाही, असं ठरवलं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकादमी निघाली, तिला सरकारी अनुदानातून आणि करसवलतीतून मदत झाली. कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीच नाही. पाच वर्षं. दीड हजारांहून अधिक मुलं. काहींना नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी पाठवलं, काही चर्चच्या तळघरात शिकली, बरीच मुलं नुसतीच मोठी झाली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या. शाळा सुटली तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आता पंधरा वर्षांचा होता. त्याने कितवीत बसायचं?

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो: घर आणि शाळा. मी प्रोग्रामर असल्यामुळे मला हे असं दिसतं. कोडमध्ये एक अट होती, ‘वर्ण बघून शाळा दे’. १९५४ मध्ये ती ओळ खोडली. पण निकाल तोच येत राहिला. कारण कुठेतरी आधीच दुसऱ्या एका रकान्यात तीच माहिती भरून ठेवलेली होती. तो रकाना म्हणजे पत्ता.

अमेरिकेत शाळा चालवतं ते स्कूल डिस्ट्रिक्ट. देशभर अशी सुमारे तेरा हजार आहेत. शाळांचा पैसा थोडा केंद्राकडून येतो, बराच राज्याकडून, आणि जवळपास तेवढाच त्या-त्या डिस्ट्रिक्टमधल्या घरपट्टीतून. म्हणजे जिथली घरं महाग तिथली शाळा श्रीमंत. आणि कोण कुठे राहणार हे बाजाराने ठरवलं नव्हतं. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीय वस्त्या लाल. लाल वस्तीत घरकर्ज मिळणं मुश्कील. डेट्रॉइट शहरात १९४१ मध्ये एका बिल्डरला गोऱ्यांची नवी वसाहत बांधायची होती, शेजारी कृष्णवर्णीय वस्ती होती. सरकारी गृहकर्ज खातं हमी देईना. मग त्याने मध्ये सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब भिंत बांधली. हमी मिळाली. ती भिंत आजही उभी आहे, तिच्यावर मुलांनी चित्रं काढली आहेत.

त्याच डेट्रॉइटमध्ये १९७० च्या दशकात पालक न्यायालयात गेले. शहरातल्या शाळांत मुख्यतः कृष्णवर्णीय मुलं उरली होती, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली होती. खालचं न्यायालय म्हणालं, शहर आणि ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट मिळून तोडगा काढा. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे फेटाळलं: उपनगरांनी काही गुन्हा केल्याचं सिद्ध झालेलं नाही, त्यांना यात ओढता येणार नाही. झालं. सीमारेषेपलीकडे राहायला जा, म्हणजे १९५४ चा निकाल तुमच्या मागे येत नाही.

त्याच्या एक वर्ष आधीचा निकाल मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपलं ते वाक्य तिथे आकड्यांत तपासता येतं. सॅन अँटोनियो, टेक्सास. शहराच्या पश्चिमेला एजवूड डिस्ट्रिक्ट, नव्वद टक्के मुलं मेक्सिकन वंशाची. १६ मे १९६८ रोजी एजवूड हायस्कूलची सुमारे चारशे मुलं वर्ग सोडून बाहेर पडली. फुटक्या खिडक्या, पात्रता नसलेले शिक्षक, साहित्य नाही, या तक्रारी. पालक जमले. त्यांतले एक डेमेट्रिओ रॉड्रिग्ज, हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारे कामगार, माजी सैनिक. त्यांच्या मुलांच्या शाळेचा वरचा मजला धोकादायक म्हणून बंद होता. त्यांच्या नावाने खटला उभा राहिला.

आता आकडे ऐका. शेजारीच अलामो हाइट्स हा श्रीमंत, बहुतांश गोऱ्यांचा डिस्ट्रिक्ट. १९६७-६८ मध्ये एजवूडचे लोक मालमत्तेच्या दर शंभर डॉलरमागे १.०५ डॉलर शाळेचा कर भरत होते. त्या सगळ्या महानगरात सर्वांत जास्त दर. अलामो हाइट्समध्ये दर होता ०.८५. राज्याच्या योजनेतला वाटा वजा जाता त्या करातून एजवूडला दर मुलामागे किती मिळत होते? २६ डॉलर. आणि अलामो हाइट्सला? ३३३. राज्य आणि केंद्राची मदत धरूनही ३५६ विरुद्ध ५९४.

मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. जास्त दराने कर भरणारे कोण होते? ज्यांना ‘शिक्षणाचं महत्त्व नाही’ ते. त्यांची घरं लहान, वस्तीत कारखाने-दुकानं नाहीत, म्हणून कितीही पिळलं तरी रस निघणार तेवढाच.

मार्च १९७३. पाच विरुद्ध चार, रॉड्रिग्ज हरले. न्यायालय म्हणालं, शिक्षण महत्त्वाचं आहे, पण अमेरिकेच्या संविधानाने दिलेला तो मूलभूत हक्क नाही. (आपल्याकडे २००२ च्या घटनादुरुस्तीने तो झाला आहे, हे जाता जाता सांगतो.) बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल पूर्वी व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते, प्रिन्स एडवर्डच्या शाळांना कुलूप लागलं तेव्हाही ते त्या पदावर होते. आणि विरोधी मत लिहिणाऱ्यांत होते थर्गुड मार्शल, १९५४ च्या खटल्यातले वकील. तेव्हा वकील म्हणून जिंकलेला माणूस न्यायाधीश म्हणून हरला.

लोक मग राज्यांच्या न्यायालयांत गेले. टेक्सासमध्ये एजवूडच १९८९ मध्ये राज्याच्या घटनेनुसार जिंकलं, तेही एकमताने. मी राहत होतो त्या न्यू जर्सीत तर १९७३ मध्येच राज्याच्या न्यायालयाने घरपट्टीवर चालणारी पद्धत चुकीची ठरवली. विधिमंडळ पैसे उभे करायला टाळाटाळ करत राहिलं, तेव्हा जुलै १९७६ मध्ये न्यायालयाने राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांवरचा खर्चच थांबवला. उन्हाळ्याची सुट्टी होती, तरी आठवड्याभरात आमदारांनी राज्याचा पहिला उत्पन्न कर मंजूर केला. नंतरच्या निकालांनी ३१ गरीब डिस्ट्रिक्टना जादा पैसा मिळाला, तीन-चार वर्षांच्या मुलांना मोफत बालवाडी मिळाली. म्हणजे माझ्या पगारातून न्यू जर्सीचा जो कर कापला जायचा तो याच भांडणातून जन्मला होता. पगाराच्या चिठ्ठीवर मी दर महिन्याला बघून चडफडायचो.

म्हणून सगळं सुटलं का? नाही. एडबिल्ड या संस्थेने २०१९ मध्ये हिशेब मांडला: साधारण तेवढीच मुलं असूनही बहुतांश गोऱ्या डिस्ट्रिक्टना बहुतांश बिगरगोऱ्या डिस्ट्रिक्टपेक्षा वर्षाला २३ अब्ज डॉलर जास्त मिळतात. न्यू जर्सीत पैशाचा प्रश्न बराच हलला, पण सीमा तशाच. एका छोट्या राज्यात जवळपास सहाशे डिस्ट्रिक्ट! २०१८ मध्ये तिथल्या शाळा वर्णावरून वेगळ्या पडल्याबद्दल नवा खटला दाखल झाला.

आणि आपण भारतीय? आपण तिकडे एवढ्या संख्येने गेलो कसे? १९६५ च्या कायद्याने. त्याआधी भारताला वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या वातावरणात झाला. दुसऱ्यांनी मार खाऊन ढकललेल्या दारातून आपण आत गेलो, तेही बहुतेक पदव्या घेऊन, इकडे सरकारच्या पैशाने शिकून. मग त्या दारात उभं राहून म्हणतो, यांना शिक्षणाचं महत्त्व नाही.

तुम्ही विचाराल, तू कुठलं घर घेतलंस? नऊवालं. मुलीसाठी. दरमहा चारशे डॉलर जास्त देऊन. मी तेव्हा वाचत होतो एक आणि करत होतो दुसरं. ते लपवून तुमच्यासमोर बोलणं मला जमलं नसतं. पुढच्या वर्षीच्या फराळाला मात्र तोच विषय निघाला तेव्हा मी एजवूडचे आकडे सांगितले. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग यजमानीणबाई म्हणाल्या, ‘हे आम्हाला माहीतच नव्हतं हो.’ त्या खोटं बोलत नव्हत्या. मलाही कुठे माहीत होतं? आणि आपल्याबद्दल बोलणाऱ्यांना सच्चर समितीचा २००६ चा अहवाल कुठे माहीत असतो? मुसलमानांची सगळी मुलं मदरशात जातात असं मानणाऱ्याला, शाळेच्या वयाच्या मुलांत ते प्रमाण तीनचार टक्क्यांच्या आसपास असल्याचं सांगितलं की तो आधी हसतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. २००४ मध्ये व्हर्जिनिया राज्याने, शाळा बंद केल्यामुळे ज्यांचं शिक्षण बुडालं त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली. तेव्हा ती मुलं पन्नाशी-साठीची झाली होती. काहींनी अर्ज केले, आणि शाळेच्या परीक्षेपासून कॉलेजच्या पदवीपर्यंत, सुटलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं. बार्बरा नव्हत्या, त्या फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाल्या आणि १९९१ मध्ये वारल्या. त्यांची शाळा आता संग्रहालय आहे.

संयोजकांनी दोनदा घड्याळ दाखवलं आहे. प्रश्न असतील तर विचारा. करिअरबद्दल असतील तरी चालेल.